आई रात्री म्हणते, ‘मला भीती वाटते’

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

‘आम्ही नगर जिल्ह्यातलं ख्रिस्ती कुटुंब. वडील शाळेत शिक्षक होते, 4 वर्षांपूर्वी गेले. आई 71 वर्षांची आहे. तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि तो यकृतात पसरलाय. डॉक्टर म्हणाले, आता केमो नको. काही आठवडे, फार तर काही महिने. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका रोज येतात. म्हणतात, विश्वास धरा, आजार पळून जाईल, मरणाचं नाव काढू नका. त्यांच्यासमोर आई भजनं म्हणते, हसते. रात्री दोन वाजता मात्र माझा हात धरून म्हणते, “मला भीती वाटते गं.” मी “काही होत नाही” म्हणून तिला गप्प करते. भाऊ मॉर्फिनच्या गोळ्या देऊ देत नाही. त्याचं म्हणणं, आई गुंगीत गेली तर प्रार्थना कशी करणार, आणि प्रभूनंही वधस्तंभावर गुंगीचा द्राक्षारस नाकारला होता. माझी स्वतःची प्रार्थना बंद पडली आहे, नुसता राग येतो. परवा आईनं विचारलं, “माझ्या मातीला कोणतं गीत म्हणाल?” मी विषय बदलला. माझा विश्वास कमी पडतोय का? मी काय करू?’

प्रिय ताई,

रात्री दोनची गोष्ट आधी घेते. पत्रातलं बाकी सगळं तिच्याशीच येऊन थांबतं.

आई दिवसा भजनं म्हणते आणि रात्री घाबरते, तेव्हा यातलं एक खरं आणि दुसरं वरवरचं असं तुम्हाला वाटतंय. दोन्ही खरी आहेत. भजन म्हणताना ती नाटक करत नाही, आणि घाबरते म्हणून तिचा विश्वास आटलेला नाही. मरणाची भीती येशूलाही वाटली. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्यानं पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना जवळ घेतलं आणि आपला जीव मरणाइतका खिन्न झालाय हे त्यांना उघड सांगितलं. मग त्यानं काय मागितलं? इथं थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. मला समजवा, वचनं ऐकवा, सगळं ठीक होईल म्हणा, असलं काही मागितलं नाही. ते तिघं झोपून गेले आणि त्याला ते लागलं. एक तासभरही तुमच्यानं जागवलं नाही का, असं त्यानं पेत्राला विचारलं.

तुम्ही तर जाग्या आहात. पेत्राला जमलं नाही ते तुम्ही रोज रात्री करताय, आणि वर माझा विश्वास कमी पडतोय का म्हणून मला विचारताय.

‘काही होत नाही’ एवढं वाक्य मात्र सोडा. तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण त्या वाक्यानं आईला एकटं पाडलं जातं. काय होतंय ते तिला तिच्या शरीरातून कळतंय. दिवसा बायकांसमोर ती बोलू शकत नाही, रात्री तुमच्यासमोर तोंड उघडते आणि तिथंही दार लागतं. मग ती बोलणार कुणाशी?

पुढच्या वेळी तिनं ‘भीती वाटते’ म्हटलं की एवढंच विचारा, ‘कशाची गं, आई?’ आणि थांबा. तिला उत्तर द्यायला वेळ लागेल. मध्ये शांतता पसरली तर ती भरायला जाऊ नका.

मी बरीच वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स होते. शेवटच्या दिवसांतली माणसं ‘भीती वाटते’ म्हणतात तेव्हा प्रत्येकाच्या मनात वेगळंच काहीतरी असतं, हे मी पलंगाशेजारी बसून शिकले. कुणाला श्वास कोंडून मरण येईल असं वाटत असतं. कुणाला दुखण्याचं भय असतं, मरणाचं नसतं. कुणाला आपण लेकीवर ओझं झालो याची बोच असते. एखादीला आपल्यामागे मुलाचं आणि सुनेचं कसं होईल याची काळजी असते. आणि एखादीच्या मनात पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट रुतून बसलेली असते, कुणाशी तरी केलेला अन्याय, कधीही न मागितलेली माफी, आणि आता देवापुढं उभं राहायचं म्हणून जीव थरथरत असतो. या सगळ्यांना एकच वचन वाचून दाखवून भागत नाही. श्वासाची भीती असेल तर डॉक्टरांना बोलवा आणि त्यांच्याच तोंडून तिला ऐकू द्या की धाप लागली तर त्यावर औषध आहे. ओझ्याची बोच असेल तर ते तुम्हीच बोलायचं, आणि एकदा बोलून पुरत नाही. जुनी गोष्ट असेल तर पाळकसाहेबांना, म्हणजे तुमच्या पास्टरना, एकट्यानं यायला सांगा, खोलीतून सगळ्यांना बाहेर काढा आणि दार लावून घ्या. पापांची क्षमा हा आपल्या विश्वासाचा गाभा आहे. ती तिला तिच्या नावानं, तिच्या कानात कुणीतरी सांगायला हवी.

आणि कधीकधी उत्तर येतं, ‘माहीत नाही गं, नुसतीच वाटते.’ तेव्हा काही करायचं नसतं. ‘मी आहे इथं’ म्हणायचं आणि खरंच तिथं असायचं. 23वं स्तोत्र तुमच्या आईला लहानपणापासून पाठ असणार. मृत्युच्छायेच्या दरीतूनही मी जात असलो तरी भिणार नाही, असं तिथं म्हटलंय, आणि का भिणार नाही तेही लगेच सांगितलंय: कारण तू माझ्याबरोबर आहेस. दरी लवकर संपेल किंवा दरी चुकवून जाणारी दुसरी वाट सापडेल असं दाविदाच्या स्तोत्रात कुठंही नाही. तिथं आधार आहे तो सोबतीचा. देवाची ती सोबत आईला रात्री दोन वाजता जाणवावी कशातून? माझ्या मते तुमच्या हातातून. तुम्ही देवाच्या जागी नाही, पण त्यानं तिच्यासाठी पाठवलेलं माणूस नक्की आहात.

आता मंडळीतल्या बायकांविषयी. त्या रोज येतात ही लहान गोष्ट नाही. शहरातल्या बंद दारांमागं माणसं कशी एकटी मरतात ते मी पाहिलंय. म्हणून त्यांना तोडू नका. बरं होण्यासाठी प्रार्थना करणंही चूक नाही, प्रभूनंही ‘हा प्याला माझ्यापासून दूर होवो’ अशी विनवणी केलीच होती. पण त्याच प्रार्थनेत पुढं ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हेही आहे, आणि तो प्याला दूर झाला नाही. त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणायची हिंमत कुणाची आहे? प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा तसाच राहिला आणि उत्तर मिळालं, माझी कृपा तुला पुरे आहे.

‘विश्वास धरला की आजार पळतो’ या शिकवणीनं आजारी माणसावर दुहेरी भार पडतो, एक रोगाचा आणि दुसरा बरं न झाल्याच्या अपराधाचा. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. पंडिता रमाबाईंचंच पाहा. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण गेली. 1880 साली भाऊ गेला, 1882 साली नवरा कॉलऱ्यानं गेला. पुढच्या वर्षी त्या ख्रिस्ती झाल्या. त्यानंतर केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळात सापडलेल्या शेकडो बायकामुलींना आसरा दिला, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी वर्षानुवर्षं खपल्या. एवढं करून 1921 साली त्यांची एकुलती एक लेक मनोरमा त्यांच्या आधी गेली, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः गेल्या. विश्वासाच्या मापावर आयुष्य मोजून मिळत असतं तर रमाबाईंच्या घरात मरण शिरलंच नसतं. त्यांचा विश्वास दुःखाबरोबर राहिला आणि दुःखातच त्यांनी काम केलं.

त्या बायकांशी वाद घालायला तुमच्याकडे ताकद नाही, गरजही नाही. त्यांच्यातली जी सगळ्यात समंजस असेल तिला स्वयंपाकघरात बाजूला घ्या आणि सांगा, ‘मावशी, आईला आता फार बोलणं झेपत नाही. तुम्ही या, हात धरा, एक स्तोत्र वाचा, एक भजन म्हणा आणि पंधरा मिनिटांत उठा. बरं होण्याचं बोलू नका, तिला उत्तर द्यावं लागतं आणि त्यात ती दमते.’ नेमकं काय करायचं ते सांगितलं की माणसं बहुतेक ऐकतात. घाबरलेल्या माणसाला जास्त बोलायची सवय असते आणि त्या बायकाही घाबरलेल्या आहेत. बायबलमधल्या ईयोबावर संकटांमागून संकटं कोसळली आणि त्याचे मित्र आले तेव्हा 7 दिवस आणि 7 रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले होते. त्यांचं तेवढंच बरोबर होतं. तोंड उघडून ‘तुझंच काहीतरी चुकलं असणार’ म्हणायला लागले आणि शेवटी देवाचा कोप त्यांच्यावर झाला.

एखादी अगदीच ऐकेनाशी झाली तर पाळकसाहेबांना मध्ये घाला. ते त्यांचंच काम आहे. त्यांना घरी प्रभुभोजन घेऊन यायलाही सांगा. आईला घास गिळता येत नसेल तर भाकरीचा कण द्राक्षारसात बुडवून ओठाला लावला तरी चालतो. आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, हे याकोबाच्या पत्रात आहेच, आणि आपल्याकडच्या कित्येक मंडळ्या ते विसरून गेल्यात. (वसईच्या आणि गोव्याच्या कॅथलिक वाचकांसाठी एक गोष्ट सांगते. फादरांना अगदी शेवटच्या घटकेला बोलवायचं ही समजूत अजून आहे, त्यामुळे फादर दारात दिसले की आजारी माणूस धसकतो. तेल लावण्याचा हा संस्कार गंभीर आजारात कधीही घेता येतो, चर्चनं 1972 साली तो त्याच दृष्टीनं नव्यानं आखून दिला. लवकर बोलवा, म्हणजे आजाऱ्याला तो शुद्धीत घेता येईल.)

मॉर्फिनचं मात्र मी ठामपणे सांगणार आहे, ताई, आणि हा भाग भावाला वाचायला द्या.

दादा, तुम्ही आईवर प्रेम करता म्हणूनच अडवताय, ते मला कळतंय. वधस्तंभावर चढवण्याआधी येशूला बोळमिश्रित द्राक्षारस देऊ केला आणि त्यानं तो घेतला नाही, हे मार्काच्या शुभवर्तमानात आहे. पण त्यानं कुठल्याही आजारी माणसाला ‘तूही घेऊ नकोस’ असं सांगितलेलं नाही. उलट जखमी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतणाऱ्या शोमरोन्याची, म्हणजे त्या परक्या दयाळू वाटसरूची, गोष्ट सांगून ‘तूही तसंच कर’ म्हणाला. आणि अगदी शेवटी त्यानंही ‘मला तहान लागली आहे’ म्हटलं आणि पुढं केलेली आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, घेतली. नीतिसूत्रांच्या 31व्या अध्यायात तर मरणाला टेकलेल्याला आणि मनानं खिन्न झालेल्याला मद्य द्या असंच लिहिलंय. वेदना सहन करून आईला काही मिळवायचं नाहीये. जे मिळवायचं होतं ते तिच्यासाठी आधीच मिळवलेलं आहे, हाच तर आपला विश्वास.

प्रार्थनेचं म्हणाल तर स्वादुपिंडाचं दुखणं पोटातून पाठीत जातं आणि माणसाला दुसरा विचारच करू देत नाही. तशा वेदनेत प्रार्थना होत नाही, कण्हणं होतं. मॉर्फिन सुरू केल्यावर पहिले काही दिवस झोप जास्त येते, मळमळतं. बहुतेकांची गुंगी नंतर कमी होते. बद्धकोष्ठ मात्र हटत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिननं आयुष्य कमी होत नाही, आणि व्यसन लागेल ही भीती या अवस्थेत धरायची नाही. गोळी दुखायला लागल्यावर द्यायची नसते, घड्याळ पाहून द्यायची असते, म्हणजे दुखणं डोकं वर काढत नाही. ही पद्धत जगाला पटवून दिली सिसिली सॉन्डर्स यांनी. आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर झालेली ही इंग्लिश बाई श्रद्धावान ख्रिस्ती होती आणि तिच्या श्रद्धेतूनच 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं घर, उभं राहिलं. मरणाऱ्या माणसाची वेदना शरीराची असते, मनाची असते, घरच्यांची असते आणि आत्म्याचीही असते, एकीला सोडून दुसरीवर इलाज होत नाही, हे तिचं म्हणणं. शरीराच्या वेदनेला हात न लावता नुसती आत्म्याची काळजी घेऊ पाहणं तिला कधीच मान्य झालं नसतं.

आपल्याकडे 1986 साली मुंबईत वांद्र्याला, माउंट मेरीजवळ, शांती अवेदना सदन सुरू झालं. भारतातलं ते पहिलं हॉस्पिस, आणि तिथं रुग्णांची सेवा नन करतात. तुम्हाला जवळचं म्हणजे पुण्यात वारज्याला असलेलं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारं उपचार केंद्र. 1997पासून ते चालू आहे, कॅन्सरच्या रुग्णांकडून पैसे घेत नाहीत आणि घरच्या माणसाला रुग्णाजवळ राहता येतं. काही दिवस तिथं राहून औषधांची घडी बसवायची आणि परत घरी यायचं, असंही करता येतं. मॉर्फिन साध्या मेडिकलच्या दुकानात सहसा मिळत नाही. 2014 साली कायदा बदलल्यापासून मान्यता असलेल्या दवाखान्यांना ते ठेवणं सोपं झालंय, त्यामुळे आईच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनाच विचारा. गोळ्या घरात आहेत आणि आई कण्हतेय, असा एकही दिवस आता जाऊ देऊ नका.

ताई, तुमच्या रागाकडे येते.

लाजर मेला तेव्हा मार्था येशूला वेशीबाहेर गाठून म्हणाली, तुम्ही इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळानं मरीया आली, पायांवर पडली आणि तेच शब्द बोलली. दोघी बहिणींनी आपसांत हे किती वेळा म्हटलं असेल! ही स्तुती नाही, सरळ तक्रार आहे: निरोप पाठवला होता, तुम्ही उशीर केलात. येशू एकीवरही रागावला नाही. मार्थेला त्यानं सांगितलं, पुनरुत्थान आणि जीवन मी आहे. मरीयेला तर तेवढंही सांगितलं नाही, तिच्याबरोबर रडला. थोड्याच वेळात लाजराला कबरेतून बाहेर बोलवायचं आहे हे माहीत असूनही रडला. मला ही गोष्ट फार जवळची आहे. पुनरुत्थानाची खात्री असलेल्यानंही रडायचं असतं, याला याहून मोठी साक्ष कुठली हवी?

तुमचा राग हीच सध्या तुमची प्रार्थना आहे असं समजा आणि ती त्याच्याकडेच करा. शब्द सुचत नसतील तर 88वं स्तोत्र मोठ्यानं वाचा. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी त्याला तळाशी दोन ओळींचं सांत्वन जोडलं नाही. तेही जमत नसेल तर गप्प बसा. कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अवाच्य कण्हण्यानं आपल्यासाठी विनंती करतो, असं पौलानं रोमकरांस लिहिलंय. आणि सध्या मंडळी तुमच्यासाठी प्रार्थना करतेय, ती करू दे. भजन म्हणताना ज्याचा आवाज दाटून येतो तो थांबतो आणि बाकीचे ओळ पुरी करतात, तसं हे आहे.

आईसाठी मात्र एक छोटी प्रार्थना सुचवते. येशूचे वधस्तंभावरचे शेवटचे शब्द लूकाच्या शुभवर्तमानात दिलेत: ‘हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो.’ ते 31व्या स्तोत्रातले आहेत. रोज रात्री दिवा मालवताना दोघींनी मिळून म्हणा. एका श्वासात होते. पुढं आईला बोलता येईनासं झालं तर तुम्ही तिच्या कानाशी म्हणा. ऐकू येणं बऱ्याचदा अगदी शेवटपर्यंत टिकतं, म्हणून ती झोपलीय असं समजून तिच्या उशाशी अंत्यविधीच्या खर्चाची चर्चा कुणी करू नये, हेही घरात सांगून ठेवा.

राहिला गीताचा प्रश्न. ‘माझ्या मातीला कोणतं गीत म्हणाल?’ हे विचारून आईनं तुमच्यासाठी वाट मोकळी केली होती. मरणाबद्दल कसं बोलू हे तुम्ही मला विचारताय आणि तिनं तर स्वतःच सुरुवात केलीय. कबरेपलीकडे काही आहे असं मानणारी बाईच आपल्या मातीच्या गीतांचा विचार करते. उद्या सकाळी, तिला जरा बरं वाटत असेल तेव्हा, ‘उपासना संगीत’ हे आपलं भजनांचं पुस्तक तिच्या पलंगावर उघडा आणि म्हणा, ‘आई, परवा मी विषय बदलला. आता सांग.’ वही-पेन जवळ असू द्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं कोणतं भजन हवं, कोणत्या चालीवर, कोण सुरुवात करणार, कारण चाल उंच धरली की पुढं सगळ्यांचे आवाज फाटतात आणि तिला ते नक्की चालणार नाही. शास्त्रवाचन कोणतं आणि कुणी करायचं. वडिलांच्या कबरेशेजारी जागा आहे का, आणि तिला तिथंच हवी आहे का. कोणती साडी. माहेरच्या कुणाकुणाला फोन करायचे, आणि ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याला करायचा का. ती मध्येच थकेल, मग दुसऱ्या दिवशी पुढं लिहा. मध्येच हसेल, तुम्ही रडाल, तिनं तुम्हाला समजावलं तर समजावू द्या, ती अजून तुमची आई आहे.

आणि हे लिहिताना भावाला खोलीत बसवा. त्याला काही बोलावं लागणार नाही, पण आईच्या तोंडून हे ऐकल्यावर गोळ्यांचा प्रश्नही तुम्हाला एकटीला सोडवावा लागणार नाही.